न दिसणाऱ्या मुंग्या : मखमलाबाद रोडवरच्या एका एचडी टीव्हीचं प्रकरण

गणपतीच्या चार दिवस आधी काकूंचा फोन आला. "दादा, नवा टीव्ही घेतला, पण सगळी माणसं जाडी दिसतात हो. आणि चित्र जुन्या टीव्हीपेक्षाही धूसर. पाहुणे यायच्या आत बघून जा."

नाशिकच्या मखमलाबाद रोडवरची चार मजली इमारत, घर दुसऱ्या मजल्यावर. काका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. टीव्ही ४३ इंची, फोर-के. डीटीएच जुनीच, पण बॉक्स एचडीचा आणि पॅकही एचडीचा. वर्षभर त्याचे जादा पैसे नेमाने भरलेले. मी पोचायच्या आधी बरंच रामायण होऊन गेलं होतं. डीटीएचच्या माणसानं बॉक्स बदलला आणि त्याचे पैसे घेतले. तरी फरक पडेना, तेव्हा तो म्हणाला टीव्हीतच दोष आहे. टीव्हीवाला म्हणाला टीव्ही ठणठणीत आहे, तुमचा सिग्नल खराब. या दोघांच्या मध्ये सापडलेल्या काकांनी टीव्हीचं खोकं टाकून न देता दाराआड उभं करून ठेवलं होतं, परत करायची वेळ आली तर असावं म्हणून.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय त्याचं कारण असं, की या एका घरात दोन दोष होते. पहिला मला पाच मिनिटांत सापडला. दुसराही त्याच दिवशी सापडायला हवा होता. तो मी चुकवला, आणि तोच जास्त शिकवून गेला.

पहिली फेरी

टीव्ही लावला. बातम्या चालू होत्या. निवेदकानं बारीक चौकड्यांचा शर्ट घातला होता आणि तो जरा हलला की त्या चौकड्यांवर हिरवी-जांभळी झाक सळसळायची. चॅनेलचा गोल लोगो अंड्यासारखा आडवा पसरलेला. एवढं पाहिलं आणि सरळ टीव्हीच्या मागे हात घातला. हाताला तीन वायरी लागल्या : पिवळी, लाल, पांढरी. एचडीएमआयची केबल बॉक्सच्या खोक्यात होती, प्लास्टिकच्या पिशवीत, तिला बांधलेला तारेचा पीळसुद्धा कुणी सोडलेला नव्हता.

शर्टावरची ती झाक म्हणजे साक्षीदारच. पिवळ्या वायरीतून चित्राचा उजेड आणि रंग एकाच सिग्नलमध्ये मिसळून जातात. आपल्याकडच्या टीव्ही प्रक्षेपणाच्या जुन्या पाल पद्धतीत रंग ४.४३ मेगाहर्ट्झच्या आसपास बसवलेला असतो. बारीक चौकडीतला काळा-पांढरा फरकही जवळपास त्याच जागी येऊन पडतो, आणि टीव्ही त्याला रंग समजून बसतो. एचडीएमआयमध्ये उजेडाचे आणि रंगाचे आकडे वेगळे जातात, तिथे ही गल्लत होत नाही. म्हणून अशी झाक दिसली की मी आधी वायर बघतो, बॉक्स नंतर.

आता धूसरपणाचा हिशेब. पालच्या ६२५ ओळींपैकी चित्राच्या ओळी ५७६. डिजिटलमध्ये साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके. एचडीचं १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके, बरोबर पाचपट. आणि काकांच्या टीव्हीचा पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके, बरोबर वीसपट. पिवळ्या वायरीतून साध्या दर्जाच्या वर काही जाऊच शकत नाही. म्हणजे वर्षभर एचडी चॅनेल बॉक्सपर्यंत व्यवस्थित येत होता, बॉक्स त्याचे पाचातले चार भाग टाकून देत होता, आणि उरलेल्या एका ठिपक्याचे नवा टीव्ही आता अंदाजानं वीस करत होता. जुन्या २१ इंची टीव्हीत हे लपून जायचं. ४३ इंचांवर कसं लपणार? माणसं जाडी दिसायचं कारण आणखी साधं. बॉक्स ४:३ वर ठेवलेला, आणि टीव्ही ते चित्र ओढून १६:९ करत होता.

एचडीएमआय जोडली, बॉक्सची सेटिंग १०८०आय आणि १६:९ केली, टीव्हीचं ओढणं बंद केलं. आपल्याकडे एचडी चॅनेल साधारणपणे याच १०८०आयमध्ये येतात : सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकदा विषम ओळींचं, एकदा सम ओळींचं, आणि त्यांची वीण घालायचं काम टीव्हीचं. काकू मालिका लावून बसल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, पैठणीच्या काठावरचे मोर मोजता येतील आता." सगळे खूश. चहा घेतला आणि निघालो.

बॉक्सच्या मेनूत सिग्नलचं पान असतं. ते मी उघडलं नाही. चित्र लख्ख दिसत होतं, म्हणून उघडलं नाही.

पाऊस आणि दुसरा फोन

आठवड्यानं नाशकात पावसानं जोर धरला आणि काकांचा फोन आला. एचडी चॅनेल तुटतात. चित्राचे चौकोन-चौकोन होतात, आवाज कट्-कट् करतो, मग पडदा काळा. साधे चॅनेल मात्र व्यवस्थित.

पावसात डीटीएच जातंच, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. मीही तेच म्हणणार होतो. पण काकांनी मास्तरकीच्या सवयीनं कागदावर नोंद ठेवली होती : पाऊस साडेसातला थांबला, एचडी रात्री अकरापर्यंत आलं नाही, दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर दुपारी दोनला आपोआप सुरू झालं. तीन दिवसांच्या तीन नोंदी, तिन्ही सारख्याच. अर्धं निदान त्या कागदावरच झालं होतं.

डीटीएच ज्या केयू बँडवर येतं त्याची वारंवारता १२ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे तरंगाची लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. एवढ्या आखूड तरंगाला पावसाचे मोठे थेंब शोषतात आणि विखुरतात. धो-धो पावसात चित्र जाणं समजू शकतं. पण ढग सरकले, सर थांबली की काही मिनिटांत सिग्नल परत यायला हवा. पाऊस थांबून साडेतीन तास झाले आणि चित्र नाही, तर दोष आभाळात नाही. पाणी कुठेतरी साचून बसलंय आणि ऊन लागल्यावरच वाळतंय.

इमारतीत तोवर दुसराच निष्कर्ष निघाला होता. वरच्या मजल्यावरच्यांनी गच्चीत नवी काळी टाकी बसवली, तिनंच सिग्नल अडवला. दोन्ही घरांत बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. हा गैरसमज मी इतक्या गच्च्यांवर पाहिलाय की इथे जरा थांबतो. आपल्या घरांवरच्या डिश ऑफसेट जातीच्या असतात. त्यांचा एलएनबी, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल टिपणारा डबा, मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे डिशचं तोंड जिकडे दिसतं त्याहून ती वीस-पंचवीस अंश वर बघत असते. बघणाऱ्याला वाटतं ती टाकीकडे बघतेय. प्रत्यक्षात ती टाकीच्या बऱ्याच वरून बघते. याच गच्चीवर एकांची डीडी फ्री डिश आहे. तिचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर. नाशिकहून तो जवळपास नेमक्या आग्नेयेला आणि क्षितिजापासून साधारण ५७ अंश उंच येतो. काकांच्या सेवेचा उपग्रह वेगळा, त्यांची डिश साठ अंशांच्याही वर बघते. टाकी डिशपासून आठ फुटांवर. साठ अंशांची रेघ आठ फुटांवर तेरा फुटांहून वर जाते. टाकी डिशच्या वर जेमतेम चार फूट. पट्टी घेऊन हे दोन्ही घरांतल्या माणसांसमोर मोजून दाखवलं. शिवाय टाकी काही पावसात वाढत नाही आणि उन्हात आटत नाही.

फक्त एचडीच का?

काकांचा हा प्रश्न अगदी नेमका होता. एकच डिश, एकच वायर, मग अर्धे चॅनेल ठीक आणि अर्धे आजारी कसे?

स्टुडिओतून एचडी चित्र निघतं तेव्हा ते सेकंदाला १४८.५ कोटी बिट्सचं असतं. उपग्रहाच्या एका ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे सिग्नल खाली पाठवणाऱ्या एका वाटेवर, उपग्रह-प्रक्षेपणाच्या जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीनं, नेहमीच्या मांडणीत, सेकंदाला ३.८ कोटी बिट्सच्या आसपास मावतात. म्हणजे न दाबलेला एकच एचडी चॅनेल एकोणचाळीस ट्रान्सपॉन्डर खाऊन टाकेल. म्हणून चित्र दाबावं लागतं. या दाबण्याच्या मुळाशी जे गणित आहे, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, ते बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांना सुचलं, आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांनी १९७४ साली ते प्रसिद्ध केलं. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात डोळ्याला जाणवेल तेवढंच ठेवायचं, बाकीचं सोडून द्यायचं. पुढच्या पद्धतींत चौकोनांचे आकार बदलले, कल्पना तीच राहिली. जगभरचे टीव्ही आज याच पायावर उभे आहेत, आणि हे नाव आपल्या शाळांतल्या पोरांना माहीत नसावं याची मला मनापासून खंत वाटते. चित्र तुटताना जे चौकोन दिसतात, ते हेच. त्यात पुन्हा प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाहीत. एखादं पूर्ण, आणि मग नुसते बदल. मध्ये एक तुकडा हरवला की पुढचं पूर्ण चित्र येईपर्यंत निवेदकाचा अर्धा चेहरा जागच्या जागी गोठतो.

दाबूनही एचडीला जागा जास्तच लागते. म्हणून एकाच लहरीवर जास्त बिट्स बसवतात. घड्याळाचा काटा डोळ्यांसमोर आणा. साध्या चॅनेलच्या क्यूपीएसके पद्धतीत काट्याला चारच जागा : बारा, तीन, सहा, नऊ. काटा जरा थरथरला तरी तो तीनवर आहे की सहावर हे कळतं. एचडीसाठी वापरलेल्या ८पीएसकेमध्ये त्याच तबकडीवर आठ जागा. प्रत्येक खेपेला दोनऐवजी तीन बिट्स जातात, पण दोन जागांमधलं अंतर निम्मं. तीच थरथर आता घोटाळा करते. आकड्यात सांगायचं तर डीव्हीबी-एस२ या नव्या पद्धतीत ३/४ दरानं (चारातला एक भाग चुकांच्या दुरुस्तीसाठी राखलेला) क्यूपीएसकेला सिग्नल गोंगाटापेक्षा सुमारे ४ डेसिबल वर असला की पुरतो, ८पीएसकेला सुमारे ८ लागतात. चार डेसिबल म्हणजे जवळजवळ अडीचपट ताकद. काकांच्या बॉक्सच्या सिग्नल पानावर दोन्ही जाती लिहिलेल्या दिसल्या, आणि तुटणारे सगळे चॅनेल ८पीएसकेवरचे निघाले.

मुंग्या कुठे गेल्या

ज्यांनी अँटेनाचा काळ पाहिलाय त्यांना गच्चीवरचा आवाज आठवेल. "आलं का?" "नाही, मुंग्या आहेत अजून." "आता?" "थोडं डावीकडे!" पडद्यावर सळसळणारे ठिपके म्हणजे त्या मुंग्या, आणि त्या मुंग्या म्हणजे थर्मामीटर होता. सिग्नल दहा टक्के खालावला तर थोड्या मुंग्या, निम्मा झाला तर पडदाभर. आजार वाढत असताना दिसायचा. नाशिक केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, ३१ मार्च २०१३ ही मुदत होती. तेव्हापासून शहरातल्या टीव्हीवरून मुंग्या जवळजवळ गेल्याच, आणि त्यांच्याबरोबर आम्हा दुरुस्तीवाल्यांचं डोळ्यांनी निदान करणंही गेलं.

कारण डिजिटलमध्ये चुका दुरुस्त होऊन मग चित्र पडद्यावर येतं. माहिती १८८ बाइटच्या पाकिटांतून येते. डीव्हीबी-एसमध्ये प्रत्येक पाकिटामागे १६ बाइट फक्त दुरुस्तीसाठी जोडलेले, त्यांच्या जोरावर ८ बाइट चुकले तरी पाकीट जसंच्या तसं परत मिळतं. डीव्हीबी-एस२ मधली दुरुस्ती याहून जबरदस्त. त्यामुळे सिग्नल १४ डेसिबल असो की ९, चित्र तंतोतंत सारखं. जणू ब्रह्मगिरीच्या पठारावर धुक्यातून चालतोय, पायाखाली सगळं सपाट, आणि कडा कुठे आहे ते दिसत नाही. ८ च्या खाली गेलं की एकदम काळोख. पहिल्या फेरीला काकांचं चित्र लख्ख होतं तेव्हा तो सिग्नल कड्यापासून दोन पावलांवर उभा असणार. मुंग्या होत्याच, फक्त दिसत नव्हत्या. त्या बघायची एकच जागा, सिग्नलचं पान, आणि ते मी उघडलं नव्हतं.

गच्ची

रात्रभर पाऊस पडून गेलेल्या सकाळी दहाला गच्चीवर गेलो. मुद्दामच. वाळल्यावर गेलो असतो तर पुन्हा फसलो असतो. मीटर लावला : ८.३ डेसिबल. बॉक्सशी मोजलं तर तेवढेही नाहीत, ७.७.

एलएनबीच्या तोंडाशी केबल जिथे बसते तिथे कुणीतरी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. उन्हानं ती तडकून पापुद्रे सुटलेली. केबल भिंतीवरून तिरकी खाली उतरत एलएनबीला आलेली होती आणि कनेक्टरचं तोंड आभाळाकडे, म्हणजे पाण्याला आमंत्रणच. टेप सोलली, एफ कनेक्टर फिरवला, आणि तो सुटताना त्यातून पाण्याचा थेंब माझ्या अंगठ्यावर पडला. आतली तांब्याची तार काळवंडलेली, टोकाला हिरवा खर. केबलचं वरचं आवरण चाकूनं चिरलं तर जाळी चकचकीत असायच्या ऐवजी शिशासारखी करडी आणि ओलसर. बोटभर खाली तेच, वीतभर खाली तेच. जाळी दिव्याच्या वातीसारखी पाणी ओढते. वरून शिरलेलं पाणी तिच्यातून खाली उतरत जातं.

पाण्यानं नेमकं काय बिघडतं? एलएनबी १२ गिगाहर्ट्झचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये उतरवतो, कारण घरगुती केबलमधून १२ गिगाहर्ट्झ फार लांब जाऊच शकत नाहीत. ही केबल ७५ ओहमची असते (सिग्नलला होणाऱ्या विरोधाचं हे माप), आणि ते ७५ टिकतात ते तार व जाळी यांच्यामधल्या फोमवर. तिथे पाणी आलं की त्या जागेचा ओहम बदलतो, सिग्नलचा काही भाग तिथूनच मागे फिरतो आणि काही पाण्यातच मुरतो, वरच्या वारंवारतेचा जास्त. शिवाय बॉक्स याच तारेतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पुरवतो, गंजलेल्या टोकात तेही गळतात. पाऊस थांबतो, पण केबलमधला पाऊस उन्हाची वाट बघत बसतो.

जाळी चकचकीत लागेपर्यंत केबल कापत गेलो. दीड फूट गेली. नवा कॉम्प्रेशन कनेक्टर दाबून बसवला, वरून स्वतःलाच चिकटणारी रबराची टेप ताणून गुंडाळली, आणि केबलला एलएनबीच्या खाली झोक देऊन मग भिंतीकडे नेली, म्हणजे वरून ओघळणारं पाणी झोकाच्या तळाशी टपकून जाईल, कनेक्टरकडे येणार नाही. मीटर १३.२ वर गेला. डिशचे बोल्ट किंचित सैल करून केसभर फिरवली, १४.१. बॉक्सशी १३.६. सगळा माल शंभर रुपयांच्या आतला. बॉक्स बदलायला काकांनी याच्या कितीतरी पट दिले होते, आणि त्या माणसानं गच्चीचा जिना चढला नव्हता. ही गोष्ट मला लागते. मीटर जवळ असताना वर न जाणं आणि मेनू समोर असताना न उघडणं, दोन्ही सारखंच. म्हणून पहिल्या फेरीचे पैसे मी काकांना परत द्यायला गेलो. त्यांनी घेतले नाहीत, पण सिग्नलचं पान कसं उघडायचं ते माझ्याकडून दोनदा करून शिकून घेतलं.

मग त्यांनी वहीचं पान फाडलं, पट्टीनं तीन रकाने आखले : तारीख, पाऊस, आकडा. ते बॉक्सशेजारी भिंतीला चिकटवलं आणि पहिल्या ओळीत १३.६ लिहिलं.

विसर्जनाच्या आदल्या रात्री नऊच्या सुमारास पाऊस असा कोसळला की गोदाघाटावर मांडव आवरायची धावपळ उडाली. काकांचा फोन आला. मला वाटलं, झालं. पण त्यांचा आवाज शांत होता. "दादा, जोराचा पाऊस आहे, आकडा दहा पूर्णांक नऊ, चित्र अखंड. दुसरं असं की वरच्या मजल्यावर आत्ता जाऊन आलो. त्यांचं चित्र छान दिसतंय, पण आकडा आठ पूर्णांक सहा आहे. उद्या उघडीप असेल तर त्यांचा कनेक्टर बघायला या. मी त्यांना सांगून ठेवलंय."